यंत्राला हात कोणी लावायचा?

आपल्याच परभणी जिल्ह्यात, गोदाकाठच्या एका खेड्यात, आम्ही मध्यंतरी प्राथमिक शाळा पाहण्यास गेलो होतो. संगणक दाखवा म्हटल्यावर गुरुजींनी एका खोलीचे कुलूप काढले. कोपऱ्यात टॉवेलने झाकलेला संगणक. ‘पोरं हात लावतात, बिघडतं. भरपाई माझ्या पगारातून जाईल हो साहेब,’ गुरुजी म्हणाले. त्यांचेही खोटे नव्हते. आम्ही पडलो कारकून. जडवस्तू नोंदवहीत आपल्या नावावर वस्तू चढली की झोप कशी उडते, हे आम्ही जाणतो. पण चौथीतली एक मुलगी बोलली ते मनातून जाईना. ‘सर लावतात, आम्ही लांबून बघतो.’

वाचकहो, विज्ञान असे लांबून बघून शिकता येते काय?

साधे उदाहरण घ्या. शाळेच्या अंगणात एक मीटर काठी उभी रोवा. डिसेंबरअखेर भर दुपारी तिची सावली जवळजवळ काठीएवढी, सुमारे ९० सेंटिमीटर पडते. मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या शेवटी तीच सावली भर दुपारी काठीच्या बुडाशी नाहीशी होते, कारण तेव्हा सूर्य परभणीच्या बरोबर डोक्यावर येतो. मुलांनी दर आठवड्याला सावली मोजावी, आकडे संगणकावर स्वतः भरावेत, आलेख काढावा. मग स्टेलॅरियम या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये वर्षभराचा सूर्य काही मिनिटांत फिरवून पाहावा. एकदा भरून घेतला की त्याला इंटरनेटही लागत नाही. ओल्या फडक्यातल्या हरभऱ्याचेही तसेच. मोड येताना डोळ्यांना दिसत नाही. पण रोज एक फोटो काढून ओळीने दाखवला, तर आठवड्याची वाढ क्षणात दिसते.

म्हणजे आधी अंगण, मग पडदा. जिथे हात आणि डोळे पोचत नाहीत तिथे पोचवणे, एवढेच यंत्राचे काम.

हे आपल्या राज्यात घडलेले आहे. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाडा येथे २००७ साली एकशिक्षकी शाळेतल्या प्रत्येक मुलाला एकेक छोटा संगणक मिळाला. त्यात कॅमेरा होता, आवाज टिपण्याची सोय होती, उन्हातही पडदा वाचता येई. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे ती पद्धत राज्याच्या पुस्तकांत आली आणि २०२० साली गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दोन्ही गावे लहान. मोठेपण एवढेच, की यंत्र कपाटात राहिले नाही.

आता मूळ प्रश्न. शाळकरी बाबासाहेबांना नळाला हात लावण्याची मनाई होती. शिपाई आला तरच पाणी, नाहीतर तहान. आज संगणकाच्या खोलीवर तशी पाटी कोणी लावत नाही. पण वर्गात एकच संगणक असला की माऊस कोणाच्या हाती जातो? पुढच्या बाकावरच्या, घरी मोबाईल असलेल्या मुलाच्या. मजुराची मुलगी मागे उभी राहून माना उंचावते. पाटी नसली तरी तहान तीच.

म्हणून आमचे पालकांना सांगणे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. माता-भगिनींनो, नुसती सही करून घरी येऊ नका. तीन गोष्टी विचारा: संगणक आठवड्यातून किती तास चालतो? माझ्या मुलीची पाळी कोणत्या वारी? बिघडला तर दुरुस्ती समिती पाहील, असा ठराव झाला काय? तिसरा ठराव झाला तर गुरुजींचीही भीती जाईल आणि कुलूपही निघेल.

पाळीचा तक्ता भिंतीवर लावायला एक कागद लागतो. तो लिहून द्यायला आम्ही कारकून तयार आहोत. जयभीम!