एक गोळी, रोज, न चुकता

एच.आय.व्ही.ची औषधे घेणारे आपल्या मोहल्ल्यातही आहेत. त्यांच्या गोळ्या मात्र कपड्यांच्या घडीत लपवलेल्या असतात. ‘आता बरे वाटते, मग गोळी कशाला?’ आणि ‘रमजानमध्ये काय करावे?’ हे प्रश्न आम्हाला नेहमी विचारले जातात. त्यांचे उत्तर औषधाच्या कामातच आहे.

हा विषाणू स्वतःच्या बळावर वाढत नाही. शरीराच्या पहारेकरी असलेल्या सी.डी.४ पेशींत तो शिरतो, आपल्या आर.एन.ए.वरून डी.एन.ए.ची नक्कल तयार करतो, ती पेशीच्या डी.एन.ए.त जोडतो आणि पेशीकडूनच नवे विषाणू बनवून घेतो. सरकारी एआरटी केंद्रात बहुतेक प्रौढांना मिळणाऱ्या एका गोळीत तीन औषधे असतात. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही नक्कल मध्येच तोडतात. डोल्युटेग्रॅव्हिर ती पेशीच्या डी.एन.ए.त जोडू देत नाही. एका औषधाला विषाणू रूप बदलून चकवू शकतो. तिन्हींना एकदम चकवणे फार अवघड.

मग आजार मुळासकट का जात नाही? काही पेशींत विषाणू झोपून राहतो. तेथे औषधाचे काही चालत नाही. गोळी थांबली की काही आठवड्यांत तो पुन्हा वाढू लागतो. वारंवार खाडे झाले तर औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होऊ शकतो.

रमजानमध्ये ही गोळी इफ्तारनंतर किंवा सहेरीला घेता येते. मात्र वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. लोह, कॅल्शियम किंवा आम्लपित्ताचे औषध चालू असल्यास तेही सांगावे. प्रकृती खालावली असेल, तर आजाऱ्याला रोजाची सवलत आहेच.

नियमित उपचारांनी रक्तातील विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर मातेने उपचार घेतले आणि बाळालाही औषध दिले, तर बहुतेक बाळे या आजारापासून वाचतात.

भारतात ही औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

उरते ते घरच्यांचे काम. लपवावी लागणारी गोळी पाहुणे आले की चुकते, प्रवासात चुकते. आजार कुठून आला, याची चौकशी करणे म्हणजे गीबतीला दार उघडणे. त्यापेक्षा सुनेला, भावाला, मुलाला रात्री एवढेच विचारू या : गोळी घेतली का?