गरोदरपणी वजन उचलताना

नियमित व्यायाम करणाऱ्या बाईला दिवस गेल्याचे कळले की जिममधून पहिला सल्ला येतो : वजने बंद, आता फक्त चाला. यात काळजी आहे, पण जुनी भीतीही आहे. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये गरोदर स्त्रीची नाडी मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नका असे सांगितले. १९९४ मध्ये ती मर्यादा त्यांनीच काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२० मध्ये, गुंतागुंत नसेल तर आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवताना स्नायू बळकट करणारे व्यायामही त्यात धरले.

म्हणून सरसकट होकार द्यायचा असे मात्र नाही. सव्वीस आठवड्यांनंतरही वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तोंडाला टाका घातला असेल, अंगावरून रक्त जात असेल, पाणी जात असेल किंवा प्रीएक्लॅम्प्सिया असेल, तर वजनांचा विषय तिथेच थांबतो. तीव्र रक्तक्षय असेल तरीही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सगळ्यांचा तीव्र नसतो, पण तो किती आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट पाहिल्याशिवाय डंबेल हातात देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

पुढचे सारे आपल्या, म्हणजे प्रशिक्षकांच्या, कौशल्यावर आहे. वजन उचलताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. पाचव्या महिन्यानंतर उताणे झोपून बराच वेळ बेंच प्रेस नको. गर्भाशयाच्या भाराने मोठी नीला दाबली जाते आणि चक्कर येते. बाक तिरका करा. सेट चालू असताना तिला सहज बोलता आले पाहिजे. या महिन्यांत विक्रम करायचे नसतात. चक्कर, छातीत दुखणे, पोटरीला सूज, कळा, रक्तस्राव यांपैकी काहीही दिसले की व्यायाम थांबवून थेट डॉक्टर.

'वीटभट्टीवरच्या बायका नाही का ओझी वाहत?' हा युक्तिवाद कृपया करू नका. त्या बाईला वजन निवडता येत नाही, दमली म्हणून बसता येत नाही. ते सक्तीचे कष्ट आहेत, व्यायाम नव्हे.

पुढच्या वेळी एखादी गरोदर ताई चौकशीला आली, तर नाही म्हणण्याआधी तिच्या परवानगीने तिच्या डॉक्टरांना एक फोन करा.