धमनीतील धुमसती आग

नळात गाळ साचावा तशी रक्तवाहिनीत चरबी साचते आणि हृदयविकार जडतो, ही समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. ती खोटी नसली तरी अपुरी खचितच आहे. या विकारात दाहाचा हात असल्याचे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्येच म्हटले होते. परंतु १९१३ मध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून तसाच विकार उत्पन्न केला आणि कालांतराने संशोधनाचा ओघ चरबीकडे वळला.

आज दोन्ही मतांचा मेळ बसला आहे. धमनीच्या अस्तरात शिरलेल्या कोलेस्टेरॉलचा फडशा पाडण्यास पांढऱ्या पेशी धावतात. पण ते गिळून त्या स्वतःच मरतात आणि दाह वाढवितात. दाहाने त्या थरावरील आवरण झिजते, फाटते, गुठळी होते आणि झटका येतो. पहारेकऱ्यानेच घर पेटवावे असा हा प्रकार!

२०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीने याला पुरावा दिला. १०,०६१ रुग्णांच्या या चाचणीत कोलेस्टेरॉल न घटविता, केवळ दाह शमविणाऱ्या औषधाच्या मध्यम मात्रेने झटक्यांसारख्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले. औषधही महागडे होते. म्हणून लक्ष गेले ते वातरक्तावरील जुन्या, स्वस्त कोल्चिसिनकडे. २०२० मध्ये ५,५२२ रुग्णांच्या चाचणीत त्याने ३१ टक्के घट दाखविली. २०२४ मध्ये नुकताच झटका आलेल्या सात हजारांवर रुग्णांत मात्र लाभ आढळला नाही.

अशा वेळी आणखी चाचण्या हव्यात. पण स्वस्त औषधाच्या चाचणीत कारखानदारांना कसले स्वारस्य? २०१९ मधील अशा चाचणीस कॅनडातील क्वेबेक सरकारने पैसा पुरविला. भारतीयांना हा विकार पाश्चात्त्यांहून कमी वयात गाठतो. कोल्चिसिन ज्या कळलावीत असते, ती तर आपल्याच रानात उगवते. ती वनस्पती विषारी आहे, घरगुती प्रयोगाची नव्हे. पण शास्त्रीय प्रयोगाचा खर्च सरकारने उचलला पाहिजे.

तोवर नागरिकांनी धूम्रपान सोडावे, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवावा आणि कोलेस्टेरॉलचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. आगीचा शोध लागला म्हणून सरपण निरुपद्रवी ठरत नाही.