संगणक आला, जबाबदारी कोठे गेली?

भांडुप स्थानकाच्या पश्चिमेस, लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांनी पसरलेली वस्ती एकेकाळी कारखान्यांच्या भोंग्यावर चालत असे. गेस्ट कीन विल्यम्स, सीएट, एशियन पेंट्स यांसारख्या कारखान्यांच्या आधाराने कोकणातून आणि घाटावरून आलेली हजारो कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांतील अनेक भोंगे आता ऐकू येत नाहीत. त्या कामगारांची मुले आणि नातवंडे पवईच्या किंवा खाडीपलीकडील ऐरोलीच्या कार्यालयांत संगणकासमोर बसून पोट भरतात. या स्थित्यंतराबरोबर डोंगरउतारावरील प्रत्येक चाळीत एक नवे पात्र निर्माण झाले आहे. त्याला संगणकाचे वेड असते, यंत्राची खडान्‌खडा माहिती असते, आणि त्या माहितीच्या बळावर समाज कसा चालावा याविषयी त्याची ठाम मतेही असतात. चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात, गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत तो ती सहज बोलून दाखवितो.

ही मते साधारणपणे तीन आहेत. संगणक आला म्हणजे कारकून आणि त्याच्याबरोबर येणारी दिरंगाई गेली, हे पहिले. यंत्र कोणाची जात, ओळख वा शिफारस पाहत नाही, म्हणून ते माणसापेक्षा न्यायी असते, हे दुसरे. आणि ज्याला हे शिकावयाचे नाही त्याने मागे पडावे, त्याला इलाज नाही, हे तिसरे. टपरीवरची मते म्हणून ती सोडून देता आली असती. परंतु गेल्या दोन-तीन दशकांत हीच मते मंत्रालयात, विद्यापीठात आणि महापालिकेत धोरण म्हणून वावरू लागली आहेत. त्यामुळे ती तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

प्रारंभीच एक गोष्ट मान्य करावयास हवी. या देशात संगणकाला झालेल्या विरोधाचा इतिहास पाहिला, तर अनेक बाबतींत संगणकाचे समर्थकच बरोबर ठरले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला, तेव्हा तो शास्त्रज्ञांपुरता कौतुकाचा विषय होता. पण त्याच दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक बसविण्याचे ठरविताच कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी तीव्र आंदोलन केले. पुढे केंद्र सरकारला स्वयंचलनाच्या प्रश्नावर प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. हाताला काम नसलेल्या देशात हात वाचविणारे यंत्र आणावे काय, हा त्या काळचा प्रश्न होता आणि तो अप्रामाणिक नव्हता. तथापि विरोधकांनी वर्तविलेला सर्वनाश झाला नाही. बँकांत यंत्रे आली, व्यवहार शतपटीने वाढले, आणि आज कोणी खातेदार हाताने लिहिलेल्या खतावणीकडे परत जा म्हणणार नाही.

मात्र हे घडले कसे, हे संगणकवेडे सहसा सांगत नाहीत. बँकांतील संगणकीकरण वरून आलेल्या फतव्याने झालेले नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला. त्यापाठोपाठ रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने संगणकीकरणाचा आराखडा आखला. कामाची पद्धत बदलणार असेल तर ते काम करणाऱ्यास विचारले पाहिजे, हे तत्त्व त्या कराराने मान्य केले. त्यामुळे वेग मंदावला, ही तक्रार खरी आहे. पण त्या मंद वेगातच यंत्र आणि माणूस यांची एकमेकांशी ओळख झाली.

रेल्वे आरक्षणाचे उदाहरणही असेच बोलके आहे. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रारंभ झाला आणि पुढे ते मुंबईसह इतर महानगरांत आले. त्यापूर्वी गाडीगणिक वेगळी खिडकी आणि वेगळी नोंदवही असे. चुकीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचा दिवस वाया जाई. संगणकामुळे कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. लक्षात घ्यावयाचे ते हे, की खिडकी कायम राहिली आणि खिडकीमागील माणूसही कायम राहिला. नवे यंत्र शिकण्याचा भार रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यावर टाकला, प्रवाशावर टाकला नाही. प्रवाशाने पूर्वीसारखाच कागदावर अर्ज भरावयाचा होता.

नेमके येथेच नंतरच्या संगणकीकरणाचे घोडे पेंड खाते. कारकून गेला, असे म्हणणाऱ्या भांडुपच्या त्या तरुणाने जून महिन्यात आपल्याच दाराकडे पाहावे. अकरावीच्या प्रवेशासाठी महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरून घेण्यास शेजारची मुलगी आलेली असते. म्हाडाच्या सोडतीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला, या सर्वांसाठी चाळ त्याच्याकडेच येते. तो नसेल तेव्हा नाक्यावरच्या दुकानात पैसे मोजून हेच काम होते. म्हणजे कारकून गेलेला नाही. तो कचेरीतून उठून रस्त्यावर येऊन बसला आहे. फरक इतकाच की, कचेरीतील कारकुनाला वेतन होते, वरिष्ठ होता आणि चूक केल्यास जाब विचारण्याची सोय होती. नाक्यावरच्या माणसाने जन्मतारीख चुकीची भरली, तर त्याचा दोष अर्जदाराच्या माथी येतो. सरकारने खर्च वाचविला, पण तो नाहीसा केला नाही, नागरिकाच्या खिशावर टाकला. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याचाच हा प्रकार आहे.

यंत्र पक्षपात करीत नाही, हे दुसरे मतही अर्धेच खरे आहे. यंत्र नियम पाळते, आणि नियम माणसे लिहितात. मराठी माणसाचे नाव देवनागरीत एकाच पद्धतीने लिहिले जाते, पण रोमन लिपीत शाळेच्या दाखल्यावर ते एका प्रकारे, आधारपत्रावर दुसऱ्या प्रकारे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसऱ्या प्रकारे उतरते. समोरच्या कारकुनाला ही तिन्ही नावे एकाच मुलाची आहेत हे क्षणात कळते. यंत्राला ती तीन वेगळी माणसे दिसतात आणि शिष्यवृत्ती अडून राहते. शिधावाटप दुकानात अंगठा टेकविल्यावर धान्य मिळते, हे बनावट शिधापत्रिकांना आळा घालण्यासाठी योग्यच आहे. पण आयुष्यभर धुणीभांडी केलेल्या बाईच्या बोटावरील रेषा झिजलेल्या असतात, हे नियम लिहिणाऱ्याने ध्यानात घेतले नसेल, तर तो नियम सर्वांना सारखा असूनही अन्यायकारक ठरतो. आधारसंबंधी सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या भिन्नमतपत्रात, ओळख पटविण्यातील अशा अपयशामुळे हक्क नाकारले जाण्याचा धोका स्पष्टपणे मांडला होता.

न्यायाचा आणखी एक भ्रम गणपतीच्या हंगामात उघडा पडतो. भांडुपमधील कोकणी कुटुंबे पूर्वी आरक्षणासाठी रात्रभर रांग लावीत. आता घरबसल्या तिकीट काढता येते, आणि कोकणात जाणाऱ्या गाड्यांच्या जागा आरक्षण सुरू होताच काही मिनिटांत संपतात. ज्याचे यंत्र वेगवान आणि जोडणी चांगली, त्याचा नंबर लागतो. यंत्राने रांग डोळ्याआड केली, पण गाडीचे डबे वाढविले नाहीत. डबे वाढविणे हा निर्णय रेल्वे मंत्रालयाचा आहे. मूळ टंचाई कायम ठेवून तिच्या वाटपाची रीत बदलणे, यालाच अनेकदा सुधारणा म्हटले जाते.

तिसरे मत सर्वांत कठोर आहे आणि सर्वांत अधिक नुकसान त्यानेच केले आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिका फुटण्यास, गुण बदलण्यास आणि गठ्ठे हरवण्यास त्यामुळे आळा बसू शकला असता. परंतु ४७७ परीक्षांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका एकाच हंगामात नव्या पद्धतीखाली आणण्यात आल्या. त्यांची छायाचित्रे घेण्याचे काम रखडले, प्राध्यापकांचे प्रशिक्षण अपुरे राहिले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली. तपासणी पुरी व्हावी म्हणून महाविद्यालयांतील वर्ग काही दिवस बंद ठेवावे लागले. कुलपती या नात्याने राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठावर असा प्रसंग पूर्वी कधी आला नव्हता.

त्या वेळी प्राध्यापकांना संगणक येत नाही, ते जुन्या वळणाचे आहेत, असे अनेकांनी सहजपणे म्हटले. दोष शिक्षकांच्या अज्ञानाचा होता काय? एका विद्याशाखेत एक पूर्ण सत्र प्रयोग करून मग पुढे जाणे शक्य होते. जे शिक्षक वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासत आले, त्यांना अडचणी कोठे येतील हे विचारणे शक्य होते. १९८३ साली बँकेच्या कारकुनाला जो मान मिळाला, तो २०१७ साली प्राध्यापकाला मिळाला नाही. आणि या सर्वांची किंमत मोजली ती विद्यार्थ्यांनी. निकाल हाती नसल्याने पुढील प्रवेश आणि नोकऱ्या अनेकांच्या हातून निसटल्या. कुलगुरू गेल्याने त्यांचे ते वर्ष परत आले नाही. इतका मोठा धडा मिळूनही २०२५ मध्ये अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्यात प्रथमच लागू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी पुढे ढकलावी लागली.

अशा प्रत्येक प्रसंगी एकच उत्तर ऐकू येते: ‘सिस्टिम डाऊन आहे.’ ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ या जुन्या म्हणीत निदान थांबविणारा माणूस समोर दिसत असे. त्याच्याशी भांडता येई, त्याच्या वरिष्ठाकडे जाता येई. पडद्यावर उमटलेल्या तांबड्या अक्षरांशी भांडता येत नाही. कचेरीत जावे तर अधिकारी म्हणतो, माझ्या हातात काही नाही, संगणक स्वीकारीत नाही. अधिकार यंत्राकडे गेला आणि जबाबदारी मात्र कोणाकडेच गेली नाही, ही या सर्व व्यवहारातील खरी त्रुटी आहे.

तिच्यावर उपाय नाही असे नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून अस्तित्वात आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे पदनिर्देशित अधिकाऱ्यावर त्याने बंधनकारक केले आहे. अर्ज फेटाळला तर लेखी कारण द्यावे लागते, अपिलाची तरतूद आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संगणक बंद होता, ही सबब या कायद्यापुढे टिकू देता कामा नये. यंत्रणा जितके दिवस बंद, तितके दिवस अर्जाची मुदत आपोआप वाढली पाहिजे. प्रत्येक संगणकीय सेवेमागे, नावातील किंवा तारखेतील उघड चूक तेथल्या तेथे दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला एक माणूस प्रत्येक प्रभाग कचेरीत बसला पाहिजे. अर्ज सुबोध मराठीत असला पाहिजे. आणि परीक्षा, प्रवेश किंवा शिधावाटप यांसारख्या व्यवहारात नवी पद्धत आणताना जुनी पद्धत किमान एक फेरी तिच्या जोडीने चालविली पाहिजे. यांपैकी एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही.

संगणकवेड्यांचे या कामी साहाय्य होऊ शकते, आणि त्याचे उत्तम उदाहरण भांडुपपासून दूर नाही. पवईच्या आयआयटीत अध्यापन केलेले सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी देवनागरी अक्षर संगणकावर नीट उतरावे म्हणून आयुष्याची कित्येक वर्षे वेचली. आज असंख्य कचेऱ्यांतून वापरले जाणारे ‘मंगल’ हे देवनागरी अक्षरवळण त्यांचेच. जोडाक्षर कसे जुळते, वेलांटी कोठे बसते, हे यंत्राने भाषेकडून शिकावे, भाषेने यंत्रासाठी आपली अक्षरे मोडू नयेत, अशी या कामामागील दृष्टी होती. यंत्राविषयीचे प्रेम आणि ते वापरणाऱ्या माणसाविषयीचा आदर एकत्र नांदू शकतात, हे त्यातून दिसते.

भांडुपच्या चाळीतील तो तरुणही या कामाला अपात्र नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज भरताना कोणता रकाना माणसाला अडवितो, कोणत्या नियमावर म्हातारीचा अंगठा अडतो, हे मंत्रालयातील कोणाही सल्लागारापेक्षा त्याला अधिक ठाऊक आहे. यंत्राविषयी तो जे सहज बोलतो त्यापेक्षा, दारात आलेल्या माणसांकडून तो जे रोज ऐकतो, ते अधिक मोलाचे आहे. शासनाने नवी यंत्रणा उभारण्यापूर्वी ते ऐकून घ्यावे, आणि त्यानेही शासनाला ते ठणकावून सांगावे.