विश्लेषण : सागी मुकीच्या सुवर्णात सल कोणता?

इस्रायलच्या नेतान्यात १९९२ मध्ये जन्मलेला ज्युदोपटू सागी मुकी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकाची लढत हरला. मग तो ७३ वरून ८१ किलो गटात गेला आणि २०१९ मध्ये टोकियोत जगज्जेता ठरला.

पण गतविजेत्या इराणच्या सईद मोलाईशी त्याची गाठ पडलीच नाही. इस्रायली खेळाडूशी लढावे लागू नये म्हणून मोलाईवर मायदेशातून हरण्याचा दबाव आला. तो उपांत्य फेरीत हरला आणि जर्मनीला निघून गेला. नुकसान दोघांचे झाले. एकाचा देश सुटला, तर दुसऱ्याला सर्वोत्तम प्रतिस्पर्ध्याला हरवल्याचे समाधान मिळाले नाही.

यावर उपाय सदिच्छांचा नव्हे, नियमांचा. २०१७ मध्ये अबुधाबीत इस्रायलच्या ताल फ्लिकरने सुवर्ण जिंकूनही त्याचे राष्ट्रगीत वाजले नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाने तेथील स्पर्धा स्थगित केल्यावर यजमान नमले. २०१८ मध्ये तेथेच मुकी जिंकला तेव्हा ते वाजले. इराणवरही पुढे बंदी आली. मुकी आणि मोलाई आज मित्र आहेत. मैत्री खेळाडू जुळवतात. लढत होईल याची हमी मात्र महासंघांनीच द्यायला हवी.