घरात तापट कुत्रा असताना पिल्लू आणावे का?

गेल्या महिन्यात रात्री दवाखाना बंद करीत असताना एक परिचित गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन धावत आले. तिच्या उजव्या पंजात कुत्र्याचे दोन दात खोल रुतले होते आणि जखमेत हळद भरलेली होती. कुत्रा घरचाच. नव्या पिल्लाने त्याच्या ताटलीत तोंड घातले, तो पिल्लावर धावला, मुलगी पिल्लाला उचलायला वाकली आणि चावा तिला बसला.

मला अधिक लागले ते दुसऱ्याच कारणाने. हेच गृहस्थ पूर्वी रक्तदाब तपासायला आले तेव्हा म्हणाले होते, "डॉक्टरसाहेब, आमचा मोती हल्ली फार अंगावर येतो. सोबतीला पिल्लू आणले तर शांत होईल ना?" मीही हातावरचा पट्टा सोडता सोडता "आणा की" म्हणून मोकळा झालो. मी माणसांचा डॉक्टर. न विचार करता दिलेले ते उत्तर आज दुरुस्त करतो.

कुत्रा बहुधा भीतीमुळे, दुखण्यामुळे किंवा आपले अन्न व जागा राखण्यासाठी अंगावर येतो. पिल्लू आणून यातले काहीच बरे होत नाही. उलट अन्नाला वाटेकरी वाढतो. शिवाय मोठ्याचे पाहून पिल्लूही तेच शिकू शकते. एरवी शांत असणारा कुत्रा एकाएकी चिडका झाला, तर कान, दात किंवा सांधे दुखत असतील. म्हणून आधी पशुवैद्यकांना दाखवावे. ज्याने पूर्वी चावा घेतला आहे आणि घरात लहान मुले आहेत, तिथे पिल्लू आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुत्र्याचे इतर कुत्र्यांशी पटत असेल, तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने विचार करावा. पहिली भेट घराबाहेर, दोघांना पट्टा लावून घडवावी. ताटल्या वेगळ्या, जागा वेगळ्या. दोघांना एकटे सोडू नये. भांडण लागल्यास मध्ये हात घालू नये, पाणी ओतावे.

चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. लस दंडावर देतात. जखमेतून रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. "घरचाच आहे", "एवढेसे तर पिल्लू" म्हणून अंगावर काढू नये. रेबीज पिल्लालाही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात लस द्यावी व पुढे पशुवैद्यक सांगतील तसे डोस चुकवू नयेत.

परवा मुलीचे शेवटचे इंजेक्शन झाले. बोटे नीट हलतात. मोतीच्या कानात पू निघाला, औषध चालू आहे. पिल्लू मामाच्या गावी गेले. जाताना मुलीने विचारले, "मोती बरा झाला की पिल्लू परत आणू?" या वेळी मी घाईने उत्तर दिले नाही. "मोतीच्या डॉक्टरांना विचारू," एवढेच म्हणालो.