दूरच्या दीर्घिकांची नाडी

२८ जुलै २००६ च्या पहाटे नामिबियातील ‘हेस’ दुर्बिणींनी एक अजब भडका टिपला. सुमारे १५० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या पीकेएस २१५५-३०४ या सक्रिय दीर्घिकेतून येणारे गॅमा किरण अवघ्या तीन-चार मिनिटांत चढत-उतरत होते.

कोणत्याही वस्तूचे तेज एकदम बदलायचे, तर बदलाची वार्ता तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचावी लागते. ती प्रकाशाहून वेगाने जाऊ शकत नाही. म्हणून नाडीवरून हृदयाची स्थिती ओळखावी, तसा चढउताराच्या वेगावरून स्रोताचा आकार ओळखता येतो. या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवर सूर्याच्या १०० कोटी पट वजनाचे मानले, तर त्याची त्रिज्याच ओलांडायला प्रकाशाला पावणेतीन तास लागतील. मग मिनिटांचा खेळ कसा?

एक उत्तर असे: कृष्णविवराजवळून निघालेला कणांचा झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने थेट आपल्याच दिशेने येतो, त्यामुळे तिथल्या घटना आपल्याला घाईत घडल्यासारख्या दिसतात. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये ला पाल्मा बेटावरील ‘मॅजिक’ दुर्बिणींनी आयसी ३१० या दीर्घिकेत पाच मिनिटांहून कमी वेळात झालेला बदल पाहिला. तिचा झोत आपल्याकडे नेमका रोखलेला नाही, त्यामुळे हे उत्तर अपुरे पडले. कृष्णविवराभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातील अरुंद पट्ट्यात विजेसारखे विसर्जन होत असावे, असा पर्याय तेव्हा पुढे आला. वाद अजून मिटलेला नाही.

तो मिटवायचा, तर क्ष-किरण आणि गॅमा किरण एकाच वेळी मोजायला हवेत. दोन्ही सोबतच वाढले, तर त्यांचा उगम एकाच कणसमूहात असण्याची शक्यता बळावते. वातावरण क्ष-किरण अडवते, त्यासाठी उपग्रह लागतो. २०१५ मध्ये सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ने नियोजित पाच वर्षांहून अधिक काळ हे काम केले. गॅमा किरणांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण लडाखमधील हानले येथे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले.

तिची जागा मोक्याची आहे. अशा दुर्बिणी फक्त रात्रीच पाहू शकतात. ॲरिझोनात दिवस उजाडल्यावर आणि ला पाल्मा, नामिबियात अंधार पडण्यापूर्वी हानलेला रात्र असते. भडका मिनिटांचा, पण त्याचा उद्रेक अनेक दिवस चालू शकतो. त्यातले मधले तास पाहणारे कोणी नसेल, तर नेमका निर्णायक ठोकाच निसटतो. म्हणून मेससोबत ॲस्ट्रोसॅटच्या वारसदाराची तयारीही आताच हवी.